डोलणाऱ्या बाहुलीचा तास

रात्री साडेनऊला भाचीच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप आला. उद्या ‘आर्ट इंटिग्रेटेड प्रोजेक्ट’ जमा करायचा, विषय ओडिशा. भाची सातवीत, शाळा पुण्यातली, सीबीएसईची. पुढच्या दहा मिनिटांत बहिणीच्या घरात लग्नघराची गडबड उडाली. मेव्हणे प्रिंटरमध्ये रंगीत शाई उरली आहे का ते बघत होते, बहीण कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला फोन लावत होती, आणि मी, घरातली ‘चित्रकलेची’ म्हणून, कार्डशीटवर कोणार्कचं चाक काढत बसले. जिचा प्रोजेक्ट ती दहालाच झोपली. सकाळी उठून तिने चाक हातात घेतलं, बोटाने आरे मोजले आणि म्हणाली, “मावशी, सोळा हवेत. तू बारा काढलेस.” मग ते तसंच पिशवीत घालून शाळेत घेऊन गेली. मला ‘ए’ मिळाला.

ओडिशाच का, याचंही उत्तर आहे. 2020 मध्ये सीबीएसईने पहिली ते दहावीच्या वर्गांना कलेशी जोडलेला प्रकल्प आवश्यक केला आणि त्यातला निदान एक तरी आपल्या जोडीच्या राज्याच्या कलेवर असावा असं सांगितलं. या जोड्या ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ योजनेतल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला ओडिशा आलं, तमिळनाडूच्या वाट्याला जम्मू-काश्मीर. म्हणजे तंजावरच्या सातवीतल्या पोराने काश्मिरी कागदी लगद्याच्या डब्यांची चित्रं छापून वहीत डकवायची. त्याच्याच गावात कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या घरोघरी सुकत असतात, हे जोड्या लावणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. आणि ज्या गावावर मराठी घराण्याने पावणेदोनशे वर्षांहून अधिक राज्य केलं, तिथल्या देवळाच्या भिंतीवर मराठीत वंशचरित्र कोरून ठेवलं, ते गाव मराठी मुलांच्या प्रोजेक्टात येण्याची सोयच नाही.

त्या बारा आऱ्यांची बोच घेऊन मी तंजावरला गेले.

*

बृहदीश्वराला तिथे कुणी बृहदीश्वर म्हणत नाही. पेरिय कोविल, मोठं देऊळ. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पुरं केलेलं. त्याच्या दारापुढच्या रस्त्यावर टोप्या, शहाळी आणि प्लास्टिकच्या बंदुकांच्या मधोमध बाहुल्या मांडलेल्या असतात. दोन जातींच्या. एक नाचरी: डोकं, धड, घागरा असे वेगळे भाग तारेवर तोललेले, वारा आला तरी मान हलवते. दुसरी बुटकी, गोल बुडाची, राजा-राणीची जोडी. तिला टिचकी मारली की ती जमिनीला कपाळ टेकवून पुन्हा उभी राहते. तमिळमध्ये दोघींना मिळून ‘तलैयाट्टी बोम्मै’ म्हणतात, मान डोलावणारी बाहुली. 2008-09 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. लहानपणी आमच्याकडे शोकेसमध्ये अशी एक होती. कुणीतरी रामेश्वरला जाताना आणलेली. तिला हात लावायला बंदी होती. जी बाहुली पाडण्यासाठीच केलेली आहे तिला काचेत ठेवण्याची अक्कल आपल्या मध्यमवर्गातच असू शकते.

गोल बुडाची बाहुली कशी होते ते एका पडवीत बसून पाहिलं. आधी बूड. चिकणमातीचा जड वाडगा, भरीव. तो सावलीत सुकतो. उन्हात ठेवला तर तडकतो. मग वरचं धड, कागद खळीत भिजवून साच्यावर थरावर थर चिकटवलेलं, आतून पोकळ. तेही सुकतं. मग दोन्ही जोडायचे, सांध्यावर कागदाच्या पट्ट्या, पुन्हा सुकवणं, घासणं, पांढरा हात, पुन्हा घासणं, आणि शेवटी रंग. घराघराप्रमाणे यात थोडा फरक असतो. कुणी लगद्यात कंदाचं पीठ घालतं, कुणी प्लास्टर वापरतं. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी: प्रत्यक्ष हात चालतात तो वेळ फारच थोडा, बाकी सगळी वाट पाहणी. कारागीर उठून चहा पिऊन येतो, दुसऱ्या बाहुल्यांकडे वळतो, पावसाला शिव्या घालतो. मी त्यांना मोडक्या इंग्रजीत विचारलं, मुलांना शिकवता का? ते म्हणाले, शाळेतून बोलावतात कधीकधी. एक तास देतात. एका तासात काय दाखवणार अम्मा, रंग लावून दाखवतो.

शाळेच्या कलेच्या तासाची सगळी अडचण त्या उत्तरात होती. चाळीस मिनिटांच्या तासात बाहुलीचा फक्त शेवट बसतो. मुलांसमोर तयार पांढरी बाहुली येते आणि ती रंगवतात. बाहुली उभी का राहते, हा तिच्यातला खरा प्रश्न कारखान्यातच सुटलेला असतो.

खरं तर सातवी-आठवीच्या मुलांसाठी यापेक्षा चांगलं कोडं नाही. अर्ध्या चेंडूसारखं बूड घेतलं तर त्या चेंडूचा मध्यबिंदू बुडाच्या कडेच्या पातळीवर येतो. सगळ्या बाहुलीचा गुरुत्वमध्य त्या पातळीच्या खाली राहिला तर ती कितीही पाडा, उठते. वर गेला तर एकदा आडवी झाली की झालीच. म्हणून बूड मातीचं आणि डोकं कागदाचं. म्हणून राजाचा मुकुट पोकळ. विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती मुलाला अर्ध्या मिनिटात पाठ होते. पण स्वतः केलेला राजा मुकुटाच्या वजनाने लोळला की ते जे शिकतं ते वेगळंच असतं. त्याला एक तर बूड जड करावं लागतं किंवा राजाचा मुकुट उतरवावा लागतो.

*

तंजावर म्हटलं की आपल्याला सोन्याची चित्रं आठवतात. पुण्या-मुंबईत त्यांचे दोन दिवसांचे वर्ग असतात, आणि शाळकरी मुलांसाठी तर डब्यात बंद केलेले संच मिळतात: छापलेला गणपती, चिकट खडे, सोनेरी कागद, ट्यूबमधला उठाव. दुपारी उघडला की संध्याकाळी भिंतीवर. मी स्वतः असा एक संच भाचीला भेट दिलेला आहे, तेव्हा फार बोलू नये.

मूळ पद्धतीत हे चित्र फळीवर होतं, म्हणून त्याला ‘पलगै पडम’ म्हणतात, फळीचं चित्र. फणसाची फळी, आता बहुतेक प्लायवूड. तिच्यावर चिंचोक्याच्या खळीने किंवा डिंकाने कापड चिकटवायचं. त्यावर खडूची पूड आणि डिंक यांचे हात द्यायचे, प्रत्येक हात सुकला की घासून गुळगुळीत करायचा. मग रेखाटन. मग दागिने, महिरप, सिंहासन या ठिकाणी खडूच्या पुडीचाच घट्ट लगदा करून उठाव द्यायचा, त्यात काचेचे खडे बसवायचे, सुकल्यावर सोन्याचा वर्ख दाबायचा, सगळ्यात शेवटी रंग. डोळे, चेहरा, अंगाचा रंग या सपाट भागात खरी चित्रकला, पण पाहणाऱ्याचं लक्ष सोन्यावर. संचात नेमकं सोनंच तेवढं उरलं आहे.

मला विचाराल तर हे चित्र सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घेऊच नये. महाग आहे म्हणून नव्हे. यात मुलाला ठरवायला काही नसतं. लोणी खाणारा कृष्ण कसा असावा हे शतकभर आधी ठरलेलं आहे. मूल फक्त रेषेच्या आत राहतं. मात्र त्या चित्राची पाटी तयार करणं, खडू दळणं, चिंचोके भाजून-भिजवून खळ करणं, थर घासून त्यावर बोट फिरवणं, हे त्याने एकदा तरी करावं. पाटी तयार झाली की तिच्यावर वाटेल ते काढावं. क्रिकेटची बॅट काढली तरी बिघडत नाही. बॅटला सोन्याचा वर्ख लावावासा वाटला तर लावावा.

भेंडाचं मात्र उलट. तंजावरची ‘नेट्टी’ म्हणजे आपलं भेंड. ज्याची बाशिंगं आणि मुंडावळ्या व्हायच्या, ज्याची फुलं गौरींना असायची, तेच. तळ्याकाठच्या पाणवनस्पतीचा पांढरा, हलका, हस्तिदंती दिसणारा गाभा. धारदार पात्याने त्याचे कागदासारखे पातळ काप निघतात आणि त्यातून कारागीर मोठं देऊळ कळसापासून नंदीपर्यंत उभं करतात, काचपेटीत. 2020 मध्ये या कामालाही मानांकन मिळालं. महाराष्ट्राने 2018 मध्ये थर्माकोलच्या मखरांवर बंदी आणली तेव्हा शाळांतून ‘आता किल्ला आणि मखर कशाचं करायचं’ असा आक्रोश झाला होता. पुठ्ठा पुढे आला. भेंड कुणालाच आठवलं नाही, कारण थर्माकोलने चाळीसेक वर्षांत ते आठवणीतून घालवलं होतं. सहावीच्या मुलाच्या हातात धारदार पातं द्यायचं का, हा प्रश्न रास्त आहे. पण भेंड इतकं मऊ असतं की साध्या कात्रीने आणि नखानेही त्याला आकार येतो. पहिल्याच तासाला फूल होतं.

*

आता सरफोजीराजांकडे यायला हवं. तंजावरवर लिहिणारा प्रत्येक मराठी माणूस त्यांच्याकडे येतोच, आणि दरबारातल्या जॉन फ्लॅक्समनने घडवलेल्या संगमरवरी पुतळ्यासमोर उभा राहून भारावतो. मीही भारावले. पण मला त्या पुतळ्यापेक्षा राजांची शाळा-खात्याची बाजू जास्त ओढत होती.

हे सरफोजी दुसरे. जन्म 1777, गादीवर 1798 ते 1832. तुळजाजीराजांनी दत्तक घेतलेला हा मुलगा वारसाहक्काच्या भांडणात सापडला, आणि त्याचं शिक्षण ख्रिस्तियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झालं. भाचीच्या वयाचा असताना या मुलाची गादी दुसऱ्याकडे होती आणि हातात पुस्तकं होती. गादी मिळाली तेव्हा तिच्यातला जीव इंग्रजांनी काढून घेतला होता. 1799 च्या तहानंतर किल्ला आणि आसपासचा थोडा भाग एवढंच राज्य. लढाई नाही, महसुलाची कटकट नाही, उत्पन्नाचा वाटा मात्र ठरलेला. अशा माणसाने काय करावं? त्याने ग्रंथ जमवले, दवाखाना काढला, छापखाना घातला आणि शाळा चालवल्या.

1801 मध्ये त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना छत्रांबद्दल लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. छत्र म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरच्या धर्मशाळा. तिथे कुठल्याही जातीच्या वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, आणि तिथेच शिक्षक असत, आसपासची आणि अनाथ मुलं शिकत. ओरत्तनाडूला 1802 मध्ये मुक्तांबेच्या नावाने उभं राहिलेलं छत्र यातलं सगळ्यात मोठ्यांपैकी. आज तिथे गेलात तर दगडात कोरलेले हत्तीघोडे आणि रथाची चाकं दिसतात. (त्या चाकांचे आरे मी मोजले नाहीत. सवय सुटायला वेळ लागतो.)

छापखान्याचं नाव ‘नवविद्याकलानिधि’. नवी विद्या आणि कला एकाच दमात. 1806 मध्ये तिथे ‘बालबोध मुक्तावली’ छापली गेली, इसापच्या गोष्टींचं सख्खण पंडितांनी केलेलं मराठी रूप. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या देवनागरी छापील पुस्तकांत ती मोडते. बाळशास्त्री जांभेकर अजून जन्मायचे होते तेव्हा कावेरीकाठी मराठी मुलांसाठी कोल्ह्या-करकोच्याची गोष्ट छापून झाली होती.

पण खरा ‘प्रोजेक्ट’ दुसराच. ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचं मराठी नाटक, सरफोजींच्या नावावर असलेलं. कुरवंजी हा तमिळ मुलखातला लोकप्रिय नृत्यनाट्याचा प्रकार. नायिका विरहात असते, डोंगरातली कुरत्ती येते, म्हणजे आपल्याकडच्या कैकाडणीसारखी भविष्य सांगणारी. ती आधी आपल्या डोंगराचं, आपल्या भटकंतीचं वर्णन गाते आणि मग हात पाहून सांगते की तुझा प्रियकर मिळेल. खुद्द सरफोजींना नायक करून कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकरांनी तमिळमध्ये ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली, ती मोठ्या देवळात नाचली जायची. राजांनी हाच साचा घेतला आणि त्यात भूगोल भरला. कुरत्तीच्या तोंडी आपल्या डोंगराऐवजी पृथ्वीवरचे खंड, देश, समुद्र आले. गाण्यांतून. मराठीत. हे नाटक 1950 मध्ये छापून निघालं.

मी सरस्वती महालाच्या, म्हणजे राजांच्या ग्रंथालयाच्या, बाहेरच्या पायरीवर बसून यावर विचार करत होते. भूगोलाचा धडा देण्यासाठी राजाने गोऱ्या पंडिताला बोलतं केलं नाही, शास्त्रीबुवांनाही नाही. गावोगाव फिरणाऱ्या बाईला केलं. जिने जग पायाखाली घातलं तिनेच ते सांगावं, यात केवढी समज आहे! नकाशा भिंतीवर टांगला की तो शिक्षकाचा होतो. तो गाण्यात आणून नाचायला लावला की पोरांचा होतो. आज सीबीएसई ज्याला ‘कलासमेकित अध्ययन’ म्हणते आणि शिक्षकांना ज्याचं प्रशिक्षण देते, ते इथे दोनशे वर्षांपूर्वी एका सत्ताहीन राजाने फावल्या वेळात करून ठेवलं होतं. एक अडचण तेवढी आहे. हे नाटक आज कुठल्या मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात कुणी बसवलेलं मी तरी ऐकलेलं नाही. तिथे अजून ‘अफझलखानाचा वध’च चालतो, आणि खान व्हायला पोरं भांडतात.

महालाच्या संग्रहालयात मुलं सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबतात ते पाहिलं. ताडपत्रांपाशी नाही. शार्ल ल ब्रँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांपाशी. माणसाचा चेहरा आणि प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी: पोपटासारखा माणूस, उंटासारखा माणूस, घुबडासारखा माणूस. निळ्या गणवेशातली एक सहल आली होती. पोरं चित्राकडे बघायची आणि लगेच वळून एकमेकांच्या तोंडाकडे. एकाने बोट आपल्या सरांकडे वळवलं आणि सगळे फिस्सकन हसले. सरांनाही कळलं असावं, कारण त्यांनी घड्याळ पाहून सहल पुढे हाकली. तीन मिनिटं. मुलांच्या पिशवीत वही-पेन्सिल होती. बाहेर काढायला कुणी सांगितलं नाही, उलट आत काही काढायचं नाही असाच सगळ्यांचा समज.

याच महालात राजांच्या दवाखान्यातली डोळ्याच्या रुग्णांची टिपणं आहेत, डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह. बुबुळावरचा ढग, लाली, सूज, जसं दिसलं तसं. ते चित्रकार देवादिकांची चित्रं काढणाऱ्यांपैकीच असणार असं मला वाटत राहिलं. कृष्णाचा ठरलेला टपोरा डोळा काढणाऱ्या हाताला समोरच्या आजारी माणसाचा खरा डोळा काढायला सांगितला, तेव्हा त्या हाताला काय वाटलं असेल? माझ्या लेखी चित्रकलेच्या तासाला मुलाला द्यावा असा हा एक नंबरचा धडा आहे. शेजारच्या बाकावरच्या मित्राचा डोळा काढ. सुंदर नको, त्याचाच पाहिजे.

*

सहावी ते आठवी हे वय चित्रकलेच्या बाबतीत घातवार आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने 1947 च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यात नऊ-दहापासून पुढे मुलाला आपलं चित्र ‘खऱ्यासारखं’ दिसावं असं वाटू लागतं. डोळा पारखतो पण हात साथ देत नाही, आणि मग बरीच मुलं ‘मला चित्र येत नाही’ म्हणून कायमची थांबतात. तुमच्या आमच्यातली बहुतेक माणसं तिथेच थांबलेली आहेत. मला वाटतं, म्हणूनच या वयाला बाहुली बरी, भेंड बरं, मातीचं भांडं बरं. ती खऱ्यासारखी दिसते की नाही हा प्रश्न मागे पडतो आणि ती उभी राहते की नाही हा पुढे येतो.

आपल्याकडे या वयात एलिमेंटरीची परीक्षा येते, मग इंटरमिजिएट. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. शासकीय रेखाकला परीक्षांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोस्टर कलरची बाटली पोचवली हे उपकार मोठे आहेत, आणि कितीतरी चित्रकार त्याच दारातून आत आले. पण दहावीला वाढीव गुण मिळू लागल्यापासून स्मरणचित्राचेही क्लास निघाले. ‘बाजार’, ‘पतंग उडवणारी मुलं’, ‘रेल्वे स्टेशन’ ही स्मरणचित्रं पाठ केली जातात. दुसऱ्याची स्मरणं.

तमिळनाडूत 2022-23 पासून सरकारी शाळांसाठी ‘कलै तिरुविळा’ भरतो, कलाउत्सव. सहावी ते आठवीचा गट वेगळा, शाळेपासून राज्यापर्यंत फेऱ्या, जिंकणाऱ्याला ‘कलैयरसन’, ‘कलैयरसी’ असे किताब. सरकारी शाळेतल्या पोरीला कलेची राणी म्हणावं ही कल्पना मला फार आवडली. तरी स्पर्धा ती स्पर्धाच, वर्षातून एकदा येणारी. उरलेल्या वर्षाचं काय, तर कायद्यात लिहिलं आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन! गणिताला पूर्ण माणूस, चित्राला अर्धा. आणि शंभराच्या खाली मुलं असतील तर तेवढाही नाही. दोन्ही राज्यांत या निदेशकांची गाऱ्हाणी ऐकली तर भाषा तेवढी बदलते, तुटपुंजं मानधन आणि कायम न होणारी नोकरी तीच. एनसीईआरटीने 2024 मध्ये सहावीसाठी ‘कृति’ नावाचं कलेचं पाठ्यपुस्तक काढलं. पुस्तक चांगलं आहे. ते शिकवणारा माणूस मंगळवार-गुरुवार दुपारपुरता येतो.

वर्ध्याला याच्या अगदी उलट घडून गेलं आहे. 1937 मध्ये तिथे गांधीजींनी नयी तालीम मांडली, हस्तोद्योगातून सगळं शिक्षण. पुढे 1944 मध्ये शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद सेवाग्रामला आले आणि मुलांचा कलाशिक्षक म्हणून अठरा वर्षं राहिले. ते अर्धवेळ नव्हते. ती शाळा टिकली नाही, त्याची कारणं लिहायला बसलं तर दुसरा लेख होईल.

*

तंजावरमधली शेवटची सकाळ मी देवळात सावली मोजण्यात घालवली. गाइड मंडळी छातीठोकपणे सांगतात की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. सकाळी आठला ती अंगणात लांबलचक पसरलेली असते आणि हेच गाइड तिच्यात उभे राहून ते सांगतात. दुपारी ती आखडते आणि मोठ्या पायथ्यातच मावते, गोष्ट त्यावरून निघाली असावी. माझ्या मनात आलं, आठवीच्या वर्गाला इथे एक काठी आणि टेप देऊन सोडावं. काठीची उंची आणि सावली, विमानाची सावली, सरळ त्रैराशिक. फक्त कळस पायथ्याच्या मधोमध आहे, म्हणून सावलीच्या लांबीत पायथ्याच्या अर्ध्या रुंदीची भर घालावी लागते. जो गट ते विसरेल त्याचं देऊळ बुटकं निघेल. खरी उंची साधारण 66 मीटर, 216 फूट. मोजून झालं की तिथेच बसून ते काढावं, थर मोजत.

बाहेर पडताना गल्लीतल्या उंबऱ्यांवर कोलम दिसले. आपली ठिपक्यांची रांगोळी ठिपके जोडते. इथली ‘सिक्कु कोलम’, म्हणजे गुंत्याची रांगोळी, ठिपक्यांना शिवत नाही, त्यांना वळसे घालत जाते आणि निघाली तिथे परत येते. मद्रास ख्रिश्चन कॉलेजमधल्या गिफ्ट आणि रानी सिरोमनी यांनी 1970 च्या दशकात या रांगोळ्यांवरून संगणकाची चित्रव्याकरणं मांडली. मी मात्र एका दारापुढे उभी राहून, एक रेघ की दोन, हे डोळ्यांनी शोधत राहिले. घरातली आजी बाहेर आली, मला पाहिलं, आणि पिठाची वाटी पुढे केली. माझी रेघ चौथ्या ठिपक्यापाशी अडकली. तिने अंगठ्याने पुसून टाकली.

*

पुण्याला परतल्यावर भाचीला बाहुली दिली, पाडायची परवानगी देऊन. तिने दोन दिवस पाडली. तिसऱ्या दिवशी तिला आतलं बघायचं होतं. मी फोडू दिली नाही. (माझ्यातली शोकेस गेलेली नाही.) त्याऐवजी म्हटलं, करून बघ.

पहिलं बूड नारळाच्या करवंटीचं. करवंटी एकसारखी गोल नसते, त्यामुळे बाहुली उभीच राहिना, एकाच बाजूला रेलून बसली. दुसरं जुन्या रबरी चेंडूचं, अर्धा कापून, आत गणपतीतून उरलेली शाडूची माती. धड वर्तमानपत्राचं, मैद्याच्या खळीत. श्रावण होता, सुकायला पाच दिवस लागले. मेव्हण्यांनी हेअर ड्रायर आणला, त्याने वरचा थर सुकला आणि आतून बुरशी आली. पुन्हा पहिल्यापासून. डोकं तिला राजाचंच हवं होतं, पगडीसकट, आणि पगडी तिने घट्ट लगद्याची भरीव केली. राजा एकदाच डोलला आणि आडवा झाला. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत बसली. मग आईची शिवणाची कात्री घेऊन तिने पगडी मधोमध कापली आणि चमच्याने आतला लगदा कोरायला घेतला. शाळेने मागितलं नव्हतं, जमा करायची तारीख नव्हती, त्यामुळे घरातही कुणी मदतीला धावलं नाही.

परवा तिचा फोन आला.

“मावशी, उठतो आता. पण डावीकडे कलून उठतो.”

“शाडू एका बाजूला जास्त गेली असेल,” मी म्हटलं.

“माहितेय मला,” ती म्हणाली. “मी तसाच ठेवणारे.”